थर आणि प्रत

जुना व्हिडिओ गेम घ्यावा की त्याची नव्याने काढलेली आवृत्ती, असं विचारताना आपण एक गोष्ट धरून चालतो: दोन्ही दुकानात आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये रॉकस्टार कंपनीने तेवढंही शिल्लक ठेवलं नाही. ‘जीटीए ३’, ‘व्हाईस सिटी’ आणि ‘सॅन अँड्रियास’ हे तीन जुने गेम एकत्र करून तिने ११ नोव्हेंबरला त्यांची ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ बाजारात आणली, आणि ती येण्याआधीच मूळ तिन्ही गेम ऑनलाइन दुकानांतून उतरवले. नवी आवृत्ती इतकी कच्ची निघाली की आठवडाभरातच कंपनीला माफी मागावी लागली आणि कॉम्प्युटरसाठीचे मूळ गेम परत विक्रीला ठेवायचं कबूल करावं लागलं. इथे प्रकरण मिटलं असं सगळे म्हणतात. मला ते मिटलेलं वाटत नाही. नवी आवृत्ती चांगली निघाली असती तर कोणी आवाज उठवला असता? जुने गेम मुकाट्याने गेले असते.

आमच्या शहरात ‘व्हाईस सिटी’ पैसे देऊन विकत घेतलेला माणूस शोधूनच काढावा लागेल. २००३ मध्ये हा गेम कॉम्प्युटरवर आला तेव्हा शहर औरंगाबाद होतं, गल्लोगल्ली सायबर कॅफे होते, आणि गेम सीडीवरून सीडीवर, हार्ड डिस्कवरून हार्ड डिस्कवर असा पसरत होता. वहीच्या शेवटच्या पानावर चीट कोड लिहिलेले असत. ‘पँझर’ टाइप केलं की समोर रणगाडा, ‘अ‍ॅस्पिरीन’ टाइप केलं की तब्येत ठणठणीत. मिशन पूर्ण करण्यापेक्षा नुसतं भटकण्यातच मुलांचा वेळ जाई, कारण लोडशेडिंगच्या त्या वर्षांत वीज गेली की सेव्ह न केलेलं सगळंच जाई. समुद्र न पाहिलेल्या मराठवाड्यातल्या पोरांना गेममधल्या किनाऱ्यावरचा रस्ता वळणावळणासह पाठ होता. नारिंगी संध्याकाळ, ओल्या रस्त्यावर पडलेले निऑन दिवे, गाडीतला रेडिओ.

रेडिओ मात्र सगळ्यांच्या वाट्याला आला नाही. फिरणाऱ्या सीड्यांमधले अनेक गेम छाटलेले असत. आकार कमी व्हावा म्हणून गाणी काढून टाकलेली. त्या मुलांची ‘व्हाईस सिटी’ मुकी होती. आज तिशी-पस्तिशीत ‘आम्हाला मूळच हवा’ म्हणणाऱ्या कितीतरी जणांनी मूळ कधी पाहिलेलाच नाही. त्यांना हवा आहे तो त्यांना तेव्हा मिळालेला गेम, आणि त्यात गैर काहीच नाही. पण म्हणूनच मूळ का जपायचं याचं उत्तर मी आठवणींवर सोपवणार नाही. आठवण माणसागणिक बदलते. कारण गेममध्येच सापडलं पाहिजे.

ते सापडतं. ‘सॅन अँड्रियास’ बनवणाऱ्यांपुढे अडचण अशी होती की तीन शहरं, वाळवंट, जंगल आणि डोंगर असलेला तो प्रदेश २००४ सालच्या प्लेस्टेशन २ वर एकाच वेळी मावत नव्हता. त्यांनी लांबचं सगळं धुक्यात ठेवलं. त्या धुक्यामुळे पुढे अजून खूप काही आहे असं वाटत राही, आणि एका शहरातून दुसऱ्या शहरात जाणं हा खरोखरचा प्रवास होई. डेफिनिटिव्ह एडिशन आली ती हे धुकं पुसूनच. माउंट चिलियाडच्या माथ्यावर उभं राहिलं की या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं लख्ख दिसायला लागलं, आणि अख्खं राज्य एका गावठाणाएवढं झालं. यंत्राची मर्यादा दूर झाली, आणि त्या मर्यादेतून कारागिरांनी घडवलेलं अंतरही तिच्याबरोबर गेलं. एका डोनटच्या दुकानावर षटकोनी लोखंडी नटाची पाटी होती, दुकानाच्या नावातल्या ‘नट’शी जोडलेली, कडा गुळगुळीत करण्याच्या नादात तो नट गोल झाला. दुकानांच्या पाट्यांवर चुकीची स्पेलिंगं आली. नव्या आवृत्तीचं हे काम ग्रोव्ह स्ट्रीट गेम्स या कंपनीने केलं, तेही आधीच्या मोबाइल आवृत्तीवरून, म्हणजे प्रतीवरून प्रत. नटाला कोपरे का आहेत हे चित्र मोठं करणाऱ्या सॉफ्टवेअरला कळत नाही. ते माणसाने एकेका पाटीपाशी थांबून पाहायचं असतं.

हा सगळा पेच आमच्या जिल्ह्याने फार आधी पाहिला आहे, शहरापासून शंभरेक किलोमीटरवर, अजिंठ्यात. १८४४ पासून मद्रास लष्करातला अधिकारी रॉबर्ट गिल तिथे वर्षानुवर्षं राहून भित्तिचित्रांच्या तैलरंगातल्या प्रती करत होता. त्या लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन आले. पेस्तनजी बोमनजींसारखे पुढे नावारूपाला आलेले चित्रकार त्यांत होते. १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनला लागलेल्या आगीत त्यांच्याही पुष्कळ प्रती गेल्या. १९०९ ते १९११ च्या दरम्यान लेडी हेरिंगहॅम आल्या. त्यांच्याबरोबर नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार होते, हैदराबादेतून सय्यद अहमद आले, आणि पुन्हा प्रती तयार झाल्या. दोनदा जळूनही तिसऱ्यांदा काम उभं राहिलं, कारण भिंत जागेवर होती. उलटही घडलं. ग्रिफिथ्सच्या चमूने पाहिलेला काही भागांतला गिलावा पुढे ढासळला, आणि तिथे काय होतं ते आज त्या प्रतींवरूनच कळतं. शेजारी ठेवलेली प्रत मुळाचं काही हिरावून घेत नाही. कधी तर मुळाने गमावलेलं ती सांभाळून ठेवते.

पण त्याच काळात भिंतींवर आणखी एक गोष्ट झाली. चित्रं नीट दिसावीत, नीट उतरवता यावीत म्हणून त्यांच्यावर व्हार्निश चढवलं गेलं. १९२० मध्ये निजामाच्या पुरातत्त्व खात्याने, गुलाम याझदानी त्याचे प्रमुख असताना, इटलीहून लोरेंझो चेक्कोनी यांना बोलावलं. त्यांनी सुटत आलेला गिलावा चिकटवून धरला, आणि त्याबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोत. पण त्यांनी शेलॅकही वापरलं. लाखेचा तो थर वर्षांमागून वर्षं पिवळा पडत, काळवंडत गेला आणि आपल्याबरोबर धूळ धरून बसला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना पुढे कित्येक वर्षं तो थर इंचाइंचाने उतरवावा लागला. चेक्कोनींचा हेतू चांगला होता, हातही कसबी होता. तरी प्रतीतली चूक बाजूला ठेवता येते, तशी थरातली चूक ठेवता येत नाही. ती भिंतीचीच होऊन बसते.

म्हणून नव्या आवृत्तीकडे पाहताना मी पहिल्यांदा चित्रं किती सुधारली हे बघत नाही. ही प्रत आहे की थर आहे, हे बघतो. ‘वॉरक्राफ्ट ३’ची २०२० मध्ये आलेली ‘रीफोर्ज्ड’ आवृत्ती निखळ थर होती. जुना गेम पैसे मोजून घेतलेल्यांनाही ऑनलाइन खेळायचं तर नवीच फाइल उतरवावी लागे, आणि तिच्यात जुन्यातल्या काही सोयी नव्हत्या. त्याच कंपनीच्या ‘डायब्लो २’ची २०२१ मधली आवृत्ती मात्र एक बटण दाबलं की जुनं रूप दाखवते, ‘मंकी आयलंड’ने हे २००९ मध्येच केलं होतं. एका क्षणी जुनी मशाल, दुसऱ्या क्षणी नवी. असं खेळताना नव्या चित्रकाराने कुठे काय ठरवलं ते सरळ दिसतं, आणि जुन्याचं कसबही अधिक कळतं.

यावर एक आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. मूळ म्हणजे नेमकं कोणतं? अजिंठ्याच्या नवव्या आणि दहाव्या लेण्यात इसवीसनापूर्वीची चित्रं आहेत, आणि काही ठिकाणी त्यांच्यावर पाचव्या शतकात पुन्हा रंगकाम झालेलं आहे. तो वरचा थर आज आपण खरवडणार नाही. तोही अजिंठाच आहे. ‘व्हाईस सिटी’चंही तेच. हैतीमधून अमेरिकेत आलेल्या समाजाने आक्षेप घेतल्यावर पुढच्या प्रतींतून काही संवाद काढले गेले. पुढे परवाने संपले तशी गाणी गळाली, मायकल जॅक्सनचीही. सुरुवातीच्याच मिशनमध्ये गाडीत बसताच लागणारं ‘बिली जीन’ पुढच्या आवृत्त्यांत नाही. म्हणजे २०२१ मध्ये दुकानातून उतरवला गेलेला ‘मूळ’ गेमही २००२ चा उरलेला नव्हता. हैतीच्या लोकांचा आक्षेप मला रास्त वाटतो. एखाद्या समाजाला मारा म्हणणारी ओळ विक्रीच्या प्रतीत राहिलीच पाहिजे असा हट्ट मी धरणार नाही. पण ती होती, आणि का काढली, याची नोंद राहायला हवी. जुन्या पोथ्यांचे अभ्यासक पाठभेद टिपतात, तसेच गेमच्या आवृत्त्यांमधले फरकही टिपले जायला हवेत.

मग आज घ्यायचं काय? पहिल्यांदाच खेळणार असाल आणि तुमच्या यंत्रावर चालत असेल तर जुनी घ्या. धुक्यातून एकदा प्रवास झाला की मग नवी पाहायला हरकत नाही. आधी नवी पाहिली तर ते अंतर पुन्हा मिळत नाही. पण नवी घेणाऱ्याला कमी लेखणं मला मान्य नाही. जुन्या गेममध्ये मिशन फसलं की पुन्हा शहर ओलांडून तिथवर जावं लागे. नव्यात तिथल्या तिथे परत सुरू करता येतं. नोकरी, घर, मुलं सांभाळून रात्री तासभर मिळणाऱ्या माणसासाठी ही मोठी सोय आहे. अजिंठ्यातही अशीच सोय झाली: फर्दापूरजवळ लेण्यांच्या पायथ्याशी जपानी कर्जसाहाय्यातून अभ्यागत केंद्र उभं राहिलं, आणि त्यात १, २, १६ आणि १७ या लेण्यांच्या प्रतिकृती केल्या गेल्या. पायऱ्या चढू न शकणाऱ्या आजींनी त्यातला पद्मपाणी पाहिला तर त्यांनी काही खोटं पाहिलं असं मी म्हणणार नाही. शिवाय प्रतिकृतीसमोर सोडलेला श्वास खऱ्या चित्रावर बसत नाही. अट एकच: वरचं लेणं शाबूत हवं, आणि ज्याला चढून जायचं आहे त्याला वाट मोकळी हवी.

गेमच्या बाबतीत ही वाट झपाट्याने बंद होते आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये अमेरिकेतल्या बाजाराची पाहणी केली, तेव्हा २०१० पूर्वी तिथे निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आता विकतच मिळत नाहीत असं दिसलं. कंपन्या त्यांना आवडेल तेव्हा जुनं काढतील, आवडेल तेव्हा गाडतील. त्यांचा तो धंदा आहे. जपणूक दुसऱ्या कोणीतरी करायला हवी. पुस्तकांसाठी आपल्याकडे १९५४ चा कायदा आहे. त्यानुसार प्रकाशकाला प्रत्येक पुस्तकाच्या प्रती ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांकडे पाठवाव्या लागतात, त्यांत मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालयही येतं. या कायद्यात पुस्तकं आहेत, वर्तमानपत्रं आणि नियतकालिकं आहेत, गेम नाहीत. आणि आता गेम इथेही बनतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ काढला तो २०२० मध्ये. त्याची सुधारित आवृत्ती २०२२ मध्ये आली आणि तिच्यात हिंदी संवाद आले. सुधारणा चांगलीच आहे. पण २०२० ची पहिली ‘राजी’ आणखी चाळीस वर्षांनी एखाद्या अभ्यासकाला पाहायची असेल, तर ती पुण्यापासून मुंबईपर्यंतच्या एखाद्या तरी सार्वजनिक ग्रंथालयात मागता यावी, आणि त्यासाठी कायद्यातल्या त्या यादीत आणखी एक नाव घालावं, एवढीच माझी मागणी आहे.