तिसऱ्या दिवसाचा पाहुणा

'एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई,' अशी आपल्याकडे एक म्हण आहे. म्हणी बहुधा यजमानांनी रचलेल्या असतात. तिसऱ्या दिवशीही जो राहिला त्याचे स्वतःचे म्हणणे काय होते, हे त्या सांगत नाहीत. कदाचित त्याला परत जावयास घर उरले नसेल. कदाचित हे घर त्याला मनापासून आवडले असेल. आणि असेही असेल की, तिसऱ्या दिवशी सकाळी उठून त्याने अंगण झाडले, पाणी भरले, म्हणजे त्याच्या परीने तो पाहुणा उरलाच नव्हता. एवढेच की यजमानाच्या ते ध्यानात आले नाही.

पाहुणा घरचा केव्हा होतो, हा प्रश्न वरवर पाहता कौटुंबिक वाटतो. पण आज आमच्या मुंबईच्या उपनगरांत तो घरोघरी निराळ्याच रूपाने येऊन बसला आहे. मुलुंडच्या किंवा बोरिवलीच्या कोणत्याही इमारतीत दिवाळीच्या आधी महिनाभर चौकशी करा. फराळाचा एखादा डबा हमखास परदेशी निघालेला असतो. पूर्वी तो इंग्लंड-अमेरिकेला जाई. आता टोकियोलाही जातो. अंधेरीचे सीप्झ १९७३ साली निर्यातीच्या मालासाठी निघाले, पुढे तेथे संगणकाची कामे आली, आणि त्या कामांच्या मागोमाग माणसेही देशोदेशी गेली. सन २००० उजाडताच जगभरची गणकयंत्रे तारखांचा घोळ करतील, अशी धास्ती त्या वेळी होती. तो घोळ निस्तरण्यासाठी जपानी कंपन्यांनी जे भारतीय अभियंते बोलावले, त्यांतील पुष्कळांनी टोकियोच्या एडोगावा विभागात, निशि-कासाई स्टेशनच्या आसपास बिऱ्हाडे केली. समुद्रात भर घालून केलेली जमीन, चौकोनी इमारतींच्या रांगा, आणि कचेऱ्यांच्या भागाकडे थेट जाणारी आगगाडी. टोकियोतले उपनगरच म्हणाना! आज टोकियोच्या विभागांत सर्वांत अधिक भारतीय एडोगावातच राहतात. २०२४ च्या अखेरीस जपानात राहणाऱ्या परदेशी माणसांची संख्या ३७ लाखांच्या वर गेली होती. म्हणजे शंभरात सुमारे तीन. त्यांत भारतीय पन्नास हजारांहून थोडे अधिक. आकडा लहान आहे, पण त्यात आपली मुले आहेत.

तेथे गेलेल्या माणसाचा पहिला महिना नियम शिकण्यात जातो. नव्या जागेत राहावयास गेल्यावर चौदा दिवसांच्या आत विभाग-कचेरीत जाऊन पत्ता नोंदवावयाचा. रहिवासाचे ओळखपत्र सदैव अंगाशी बाळगावयाचे. जळणारा कचरा कोणत्या वारी, न जळणारा कोणत्या वारी, बाटल्या नि डबे कोणत्या वारी, हे पाठ करावयाचे; चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी चिठ्ठी चिकटवून तशीच मागे राहते, आणि ती कोणाची हे सगळ्या गल्लीला कळते. गाडीत फोनवर बोलावयाचे नाही. शेजाऱ्यांकडे लहानशी भेट घेऊन नव्या बिऱ्हाडकरूनेच आधी जावयाचे आणि 'आम्ही येथे राहावयास आलो, सांभाळून घ्या,' असे सांगावयाचे. घर भाड्याने घेताना अनामत रकमेखेरीज 'रेइकिन' नावाची रक्कमही बहुधा द्यावी लागते. घरमालकाने जागा दिली म्हणून आभारादाखल दिलेले हे पैसे कधीच परत मिळत नाहीत. आपल्या पागडीची ती एक सभ्य मावसबहीण समजावी.

आणि नवल असे की, आपला माणूस हे सारे बिनबोभाट करतो. घाटकोपरला गाडी थांबण्यापूर्वीच आत उडी घेणारा तरुण टोकियोत फलाटावरच्या रेघेमागे मुकाट्याने उभा राहतो. त्याची आई हे कौतुकाने सांगते, आणि ऐकणारा नेहमीचा शेरा मारतो, 'तिकडे जमते, मग इकडे का जमत नाही?' हा शेरा आपण इतक्या वेळा ऐकला आहे की, त्यात दडलेला नैतिक प्रश्न आपल्याला जाणवेनासा झाला आहे. परक्या घरी पाळलेली शिस्त हा सद्गुण आहे की नुसते भय? परवाना रद्द होईल, शेजारी काय म्हणतील, आपल्यामुळे आपल्या देशाचे नाव खाली जाईल. एवढ्यासाठी पाळलेला नियम हा भाड्याने आणलेल्या भांड्यांसारखा असतो. कार्य आटोपले की परत. तो माणूस सुटीवर अंधेरीला उतरतो आणि विमानतळाबाहेर पाण्याची रिकामी बाटली रस्त्यावर भिरकावतो, तेव्हा भांडी परत गेलेली असतात.

मात्र या पाहुण्याला हिणविण्याचाही अधिकार आपल्याला नाही. नियम पाळता पाळता माणूस बदलतो. सवय आधी हातात येते आणि मग मनात उतरते. परंतु नियमपालनाने माणूस घरचा होतो, ही समजूत मात्र खोटी आहे. उत्तम पाहुणा होणे आणि घरचा होणे या एकाच जिन्याच्या दोन पायऱ्या नव्हेत. ते दोन वेगळे जिने आहेत.

यजमानाच्या बाजूने पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. परक्याने दोन शब्द जपानी उच्चारले की, 'तुमचे जपानी फारच छान आहे हो!' अशी दाद हटकून मिळते. पहिल्या वर्षी माणूस सुखावतो. दहाव्या वर्षी तेच वाक्य ऐकून तो खट्टू होतो. कारण कौतुक नेहमी पाहुण्याच्या वाट्याला येते, घरच्याला रागावतात. सूनबाईच्या पहिल्या पुरणपोळीची वाहवा होते. ज्या दिवशी सासूबाई 'पुरण जरा सैल झाले गं' असे सहज म्हणतात, त्या दिवशी ती खरी त्या घरात आलेली असते. तसेच, ज्या दिवशी जपानी शेजारी त्याचे व्याकरण दुरुस्त करू लागतो, त्या दिवशी परक्याने मनातल्या मनात पेढे वाटावेत.

सौजन्याची एक बाजू अशी असते की, त्याच्या आडून माणसाला दूर ठेवता येते. गर्दीच्या गाडीतही परक्याशेजारची जागा कित्येकदा रिकामी राहते. कोणी काही बोलत नाही, कोणी अपमान करीत नाही, पण जागा रिकामी राहते. जपानच्याच न्याय मंत्रालयाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, आधीच्या पाच वर्षांत घर शोधणाऱ्या परदेशी लोकांपैकी सुमारे चाळीस टक्क्यांनी सांगितले की, परदेशी म्हणून आपल्याला जागा नाकारली गेली. हे वाचून आपल्याला राग येतो, आणि तो यावाही. पण त्या रागाने दुसऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वी एक गोष्ट आठवावी. २०२३ साली आमच्या मुलुंडमध्येच एका मराठी बाईंना, त्या महाराष्ट्रीय आहेत म्हणून, एका इमारतीत कचेरीसाठी जागा नाकारली गेली आणि सारा महाराष्ट्र खवळला. खवळला ते योग्यच झाले. परंतु त्याच उपनगरांत मांसाहारी म्हणून, मुसलमान म्हणून, एकटी राहणारी मुलगी म्हणून ज्यांना जागा नाकारली जाते, त्यांच्यासाठी आपण किती वेळा खवळलो? 'आमची काही हरकत नाही हो, पण सोसायटीचा नियम आहे,' हे वाक्य जगातल्या सर्व भाषांत सारख्याच मऊपणे बोलले जाते.

मग घरचे होणे म्हणजे काय? अंबरनाथचे आणि पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक यांचे उदाहरण येथे विचार करण्याजोगे आहे. ते कामानिमित्त जपानात राहिले, २०१२ साली जपानी नागरिक झाले, आणि २०१९ साली एडोगावा विभागाच्या सभेवर निवडून आले. आपल्या वृत्तपत्रांनी त्यांचे अभिनंदन केले. पण त्या विजयाआधी मोजलेल्या किमतीकडे लक्ष द्यावयास हवे. परदेशी रहिवाशाला जपानात मताधिकार नाही. आणि दोन नागरिकत्वे एकाच वेळी बाळगण्यास ना जपानचा कायदा मोकळीक देतो, ना भारताचा. तेथील कचऱ्याविषयी, शाळांविषयी, वृद्धांच्या सोयींविषयी अधिकाराने बोलावयाचे, तर जन्माच्या देशाचा पासपोर्ट परत करावा लागतो. याला कोणी त्याग म्हणेल, कोणी दुरावा म्हणेल. मला त्यात तिसरीच गोष्ट दिसते. पाहुण्याचा सर्वांत मोठा विशेषाधिकार असतो तो निघून जाण्याचा. पुराणिकांनी तो सोडून दिला आणि त्याच्या मोबदल्यात घरात खोड काढण्याचा अधिकार मिळविला.

निघून जाण्याच्या या अधिकाराची परीक्षा ११ मार्च २०११ रोजी झाली. भूकंप, त्यामागून समुद्राची लाट, आणि त्यामागून फुकुशिमाच्या अणुभट्ट्या. त्या आठवड्यात टोकियोतून असंख्य परदेशी माणसे आपापल्या देशी परतली. मागे राहिलेल्या सहकाऱ्यांच्या मनात त्याची रुखरुख पुढे बराच काळ होती. गेलेल्यांनी चूक केली काय? मला तसे म्हणवत नाही. कडेवर वर्षाचे मूल आहे, बोरिवलीहून आईचे रडवेले फोन येत आहेत, आणि हवेतले विष डोळ्यांना दिसत नाही. अशा वेळी जो निघाला त्याने आपल्या माणसांशी इमान राखले. पण त्याच प्रसंगाने एक भेद उघडा केला: ज्याच्यापाशी परतीचे दार आहे तो, आणि ज्याच्यापाशी नाही तो. जन्मभर जपानी साहित्याचा अभ्यास केलेले अमेरिकन पंडित डोनाल्ड कीन यांनी नेमके त्या आपत्तीनंतर, नव्वदीच्या उंबरठ्यावर, जपानी होण्याचे ठरविले आणि २०१२ साली ते जपानचे नागरिक झाले. इतर लोक दाराकडे धावत असताना त्यांनी आपले दार आतून लावून घेतले. आणि त्याच दिवसांत भारताच्या आपत्ती निवारण दलाची ४६ जणांची तुकडी ओनागावा या उद्ध्वस्त गावी चिखल उपसत होती. ती काही राहावयास गेली नव्हती. पण अंगण झाडल्याने माणूस घरचा होतो हे खरे असेल, तर तेवढे दिवस ती त्या गावची होती.

आपत्तीत नेहमीच असे घडते असेही नाही. १९२३ च्या टोकियोतील महाभूकंपानंतर कोरियन लोकांनी विहिरींत विष कालविल्याची अफवा उठली आणि हजारो निरपराध कोरियन मारले गेले. संकट घरच्याला घरच्याशी बांधते आणि परक्याला पहिला संशयित ठरविते. आपल्या शहरालाही १९९२-९३ ची आठवण आहे. तेव्हा इतिहासाचे हे पान आपण दुसऱ्याचे म्हणून उलटू नये.

याहून दीर्घ काळाचा हिशेब पाहिला तर मात्र मन थोडे आश्वस्त होते. बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू ७३६ साली जपानला गेला. नारा येथील महाबुद्धाच्या मूर्तीचे नेत्रोन्मीलन ७५२ साली त्याच्या हस्ते झाले, आणि तो तेथेच मृत्यू पावला. आपली सरस्वती तेथे 'बेन्झाइतेन' झाली. वीणेच्या जागी तिने 'बिवा' हे तिथले वाद्य हाती घेतले. जपानी मुले 'आ, इ, उ, ए, ओ' आणि पुढे 'का, सा, ता, ना' असा जो अक्षरक्रम घोकतात, त्याची मांडणी संस्कृत वर्णमालेवरून आलेली आहे. घोकणाऱ्या मुलाला ते ठाऊकही नसते. इकडे आपल्यालाही कोठे ठाऊक असते? जपानमधील १९०१ च्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका महर्षी कर्वे यांच्या हाती पडली, आणि १९१६ साली आपले महिला विद्यापीठ उभे राहिले. आज त्याच्या जुहूच्या आवारातून शेकडो मुली ये-जा करतात. त्यांच्या मनात जपान येत नाही. शिरीष पै यांनी मराठीत हायकू आणला. आता तो आपलाच एक काव्यप्रकार आहे. घरचे होण्याची ही शेवटची पायरी असावी: देणारा कोण होता याची कोणी आठवणच काढीत नाही, आणि त्यात कोणाला कृतघ्नताही वाटत नाही.

परंतु हे शतकांचे काम आहे, आणि माणसाला जगावयास साठ-सत्तर वर्षे मिळतात. त्याने काय करावे? याचे उत्तर शोधावयास टोकियोला जाण्याची गरज नाही. आमची उपनगरे हीच पाहुण्यांची वस्ती आहे. बृहन्मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत पोचली ती १९५७ साली. गिरगावातून, लालबागेतून, कोकणातून, कच्छ-काठेवाडातून, दक्षिणेतून, उत्तरेतून माणसे येथे आली. कित्येक वर्षे फोर्टकडे जाताना ती 'मुंबईला चाललो' असेच म्हणत. मरोळच्या, आंबोलीच्या, एक्सरच्या गावठाणांतील ईस्ट इंडियन कुटुंबे, किनाऱ्यावरचे कोळी आणि आरेच्या पाड्यांवरचे वारली यांच्या लेखी आपण सारेच तिसऱ्या दिवसाचे पाहुणे. आज आपण यजमानाच्या तोऱ्यात जिने चढतो, ते केवळ चार गाड्या आधी उतरलो म्हणून.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रुझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री कुर्ल्यात, कलिन्यात, अंधेरीत ज्यांनी अनोळखी माणसांना दार उघडले, त्यांनी आधी गाव विचारले नाही. ज्यांनी छातीभर पाण्यात दोर धरून लोकांना पार नेले, त्यांच्यात काल आलेलेही होते. त्या एका रात्री यजमान कोण आणि पाहुणा कोण, हे कोणालाच सांगता आले नसते. दुसऱ्या आठवड्यात पाणी ओसरले आणि सगळ्यांना आपापली पायरी पुन्हा आठवली, हा आपला दोष.

मला वाटते, घरचे होण्याचा करार दोन बाजूंनी पाळावयाचा असतो. आलेल्याने घराची अडचण स्वतःची मानावी, आणि घराने त्याला उणे दाखविण्याची मुभा द्यावी. पहिली बाजू नसेल तर तो भाडेकरू. दुसरी नसेल तर तो गडी. बाकी पासपोर्ट, भाषा, जन्मगाव या गोष्टी महत्त्वाच्या खऱ्या, पण त्या मागाहून येतात.

या करारासाठी आपल्याकडे एक जुना, घरगुती रिवाज आहे, आणि तो नेमका याच दिवसांतला आहे. पाहुण्याला आपण ताट वाढतो आणि तो जेवून उठतो. तेथे देणे संपते. शेजाऱ्याकडे मात्र आपण फराळाचे ताट पाठवितो, आणि ते रिकामे परत येत नाही. जपानात नव्या बिऱ्हाडकरूने आधी शेजाऱ्याचे दार ठोठवावयाचे असते. आपल्याकडे तो मान जुन्याने घेतला तरी चालेल. यंदा मजल्यावर जे नवे बिऱ्हाड आले असेल, मग ते कोठलेही असो, त्याच्याकडे ताट पाठवावे. आणि ते परत येईल तेव्हा त्यात आपल्या ओळखीचा नसलेला पदार्थ असला, तरी तो मुकाट्याने खावा; हवे तर पुढच्या वर्षी, मीठ जरा कमी होते, असे सांगावे.