वृद्ध श्वान आणि आश्रितधर्म

काशीसमोर गंगेच्या पूर्वतीरावर रामनगर वसले आहे. तेथील किल्ल्यात महर्षी व्यासांचे मंदिर आहे. काशीखंडातील कथा अशी की, भिक्षा न मिळाल्याने क्रुद्ध झालेले व्यास काशीला शाप देण्यास उद्युक्त झाले, तेव्हा शंकरांनी त्यांना क्षेत्राबाहेर जाण्याची आज्ञा केली आणि ते गंगेपलीकडे राहिले. ज्यांचे प्रिय स्थान असे सुटले, त्याच व्यासांच्या महाभारतात अखेरीस एका श्वानाची कथा यावी, हे मननीय आहे.

महाप्रस्थानिक पर्वात द्रौपदी व चारही बंधू वाटेत पडले. धर्मराजांसह केवळ एक श्वान उरला. स्वर्गात श्वानाला स्थान नाही, असे इंद्राने सांगताच धर्मराजांनी स्वर्गच नाकारला. बंधूंना सोडलेस, मग श्वानाला का सोडत नाहीस, या प्रश्नावर त्यांचे उत्तर होते की, बंधू मृत झाल्यावर सुटले. जिवंत असता त्यांना मी सोडले नाही.

आज गृहस्थापुढे निराळाच प्रसंग येतो. बदली होते, घर विकावे लागते, किंवा धनी स्वतःच अंथरुणाला खिळतो. दहा-बारा वर्षे दार राखणारा जीव आता मंद दृष्टीचा व जड पायांचा झालेला असतो. त्याला दुसऱ्या घरी देणे हा आश्रिताचा त्याग होय काय?

गीतेच्या अठराव्या अध्यायात नियत कर्माच्या त्यागाचा विचार आहे. मोहाने केलेला त्याग तामस आणि देहकष्टांच्या भयाने केलेला राजस म्हटला आहे. याच कसोटीवर आपले मन पारखावे. रात्री उठावे लागते, औषधाला पैसे पडतात, एवढ्यासाठीच देत असू, तर तो राजस त्याग होय. श्वान हे कालभैरवाचे वाहन, देव त्याला सांभाळील, असे म्हणून देवळापाशी सोडून येणे हा तर मोहच. परक्या गल्लीतील कुत्री म्हाताऱ्या आगंतुकाला सुखाने राहू देत नाहीत. प्राण्याची उपासमार होईल अशा स्थितीत त्याला सबळ कारणावाचून सोडून देणे १९६० च्या अधिनियमानुसार अपराधही आहे.

परंतु सामर्थ्यच उरले नसेल, तर प्रेमळ घर शोधून देणे हे कर्तव्याचे पालनच होय. मात्र ते कर्तव्यासारखे करावे. त्याचे वय व व्याधी लपवू नयेत. नव्या माणसांशी आधी चार-आठ दिवस ओळख होऊ द्यावी. डोळे मंदावले तरी श्वान गंधाने घर ओळखतो. म्हणून त्याचे जुने अंथरूण बरोबर द्यावे. औषधाचा भार शक्य तितका आपण उचलावा आणि तेथे न जमल्यास त्याला परत आणण्याचे वचन द्यावे.

व्यासांना क्षेत्राबाहेर पाठविले, तरी अष्टमी व चतुर्दशीला काशीत येण्याची मुभा शंकरांनी ठेवलीच होती. आपणही तिथी ठरवून त्या वृद्ध सोबत्याला भेटावे. घर बदलले तरी नाते तुटू न देणे, हाच गृहस्थाचा आश्रितधर्म होय.