फील्ड मार्शलची शिडी, सुभेदाराची शिडी

सावर्डे हे चिपळूण तालुक्यातलं मुंबई-गोवा महामार्गावरचं गाव. आज इथला मुलगा घर सोडतो तो मुंबई-पुण्याच्या नोकरीसाठी. शंभर वर्षांपूर्वी या पट्ट्यातल्या पोरांना मुंबईच्या गिरणीइतकीच पलटणही खुणावत असे. कातळाच्या मुलखात घरचं भात वर्षभर पुरत नसे, आणि भरतीवाल्या साहेबांना ते पक्कं ठाऊक होतं. मराठा पलटणींचा मोठा भरणा रत्नागिरी आणि सातारा जिल्ह्यांतून होई. इंग्रज सेनापतींच्या चरित्रांत हा मुलूख क्वचितच भेटतो. विल्यम स्लिमचं चरित्र मात्र त्याच्याशिवाय अपुरं राहतं.

स्लिम काही उमरावाचा मुलगा नव्हता. जन्म १८९१, ब्रिस्टलचा. वडील लोखंडी सामानाचे व्यापारी, धंदा जेमतेम. त्याने प्राथमिक शाळेत मास्तरकी केली, मग एका कंपनीत कारकुनी. एरवी अशा माणसाला लष्करी अधिकारी होणं परवडलंच नसतं. पण ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटलं आणि कारकुनाच्या खांद्यावर फीत चढली. १९१५ साली गॅलिपोलीत तो गंभीर जखमी झाला, १९१७ साली मेसोपोटेमियात पुन्हा. तिथे मिलिटरी क्रॉस मिळाला. पुढे तो हिंदी लष्करातल्या गुरखा पलटणीत आला आणि पगार पुरेना म्हणून टोपणनावाने कथा लिहू लागला. फील्ड मार्शलांच्या चरित्रात ही नोंद दुर्मीळच!

स्लिम पोचण्याआधीच मेसोपोटेमियाने मराठ्यांना गिळलं होतं. कुत-अल-अमारा इथे जनरल टाऊनशेंडच्या सैन्याला तुर्कांनी वेढलं, त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी, उपासमारीने हैराण झालेल्या सैन्याने शरणागती पत्करली. टाऊनशेंडची रवानगी इस्तंबूलजवळच्या बेटावर झाली आणि तिथे त्याची बडदास्त राहिली. शिपायांना वाळवंटातून पायी हाकललं गेलं. हजारो परतलेच नाहीत. ११७ व्या पलटणीला १९२१ साली ‘रॉयल’ हा किताब मिळाला.

दुसऱ्या युद्धात स्लिमचा आणि मराठ्यांचा मार्ग जुळला. १९४२ साली ब्रह्मदेशातून माघार घेणाऱ्या सैन्याची सूत्रं त्याच्याकडे आली, १९४३ मध्ये चौदाव्या सेनेचं सेनापतिपद. मार्च १९४४ मध्ये जपानी सैन्य मणिपूरवर चालून आलं. कोहिमावर फार तर एक रेजिमेंट येईल असा स्लिमचा अंदाज होता. आली अख्खी डिव्हिजन. ही चूक त्याने पुढे आपल्या पुस्तकात उघडपणे कबूल केली. हा प्रांजळपणा दुर्मीळ आहे, पण त्या चुकीची किंमत उखरुलजवळच्या सांगशाक गावात आधीच मोजली गेली होती. तिथे हिंदी पॅराशूट ब्रिगेडबरोबर पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती, म्हणजे जुनी ११६ वी. पाणी अपुरं, काटेरी तारांचा पत्ता नाही, विमानातून टाकलेली रसद बऱ्याचदा शत्रूच्या हाती. तरीही २६ मार्चच्या रात्री माघारीचा हुकूम येईपर्यंत त्यांनी जपान्यांना रोखून धरलं. कोहिमाला तयारीसाठी मिळालेले मोलाचे दिवस हेच.

स्लिम जानेवारी १९४९ मध्ये फील्ड मार्शल झाला. दोन युद्धांनी कारकुनाला तिथवर नेलं. त्याच दोन युद्धांत कोकणातल्या शिपायाची शिडी सुभेदार-मेजरपाशी संपत होती, आणि कालच आलेला गोरा लेफ्टनंट त्याच्याही वरचढ असे. महारांना तर ती शिडीही नाकारली गेली. आंबेडकरांचे वडील रामजी सुभेदार, मूळ मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरतीच थांबवण्यात आली. १९१७ साली माणसं कमी पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी राहिली, युद्ध सरलं आणि ती मोडली. दुसऱ्या युद्धात पुन्हा गरज पडली, तेव्हा १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट निघाली. शौर्याचे दाखले जुनेच होते, भरतीचं दार मात्र सरकारच्या नडीप्रमाणे उघडायचं आणि मिटायचं.

दोन युद्धांच्या मधल्या काळात सँडहर्स्ट या इंग्रज लष्करी अकादमीचा दरवाजा हिंदी तरुणांसाठी थोडा किलकिला झाला होता. त्यातून गेलेले कोल्हापूरकडचे एस. पी. पी. थोरात जानेवारी १९४५ मध्ये अराकानातल्या कांगॉच्या लढाईत पंजाब रेजिमेंटच्या बटालियनचं नेतृत्व करत होते. त्याच ब्रिगेडमध्ये थिमय्या आणि एल. पी. सेन हे हिंदी अधिकारीही बटालियन सांभाळत होते. तिघांनाही डीएसओ हा लष्करी सन्मान मिळाला.