काळी कड

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. ओट्यावर डुकराच्या खांद्याचं मांस आहे. सुरी उचलण्याआधी त्यावर तळहात ठेवा. गार लागेल. लालसर मांसातून चरबीच्या पांढऱ्या रेषा गेल्या आहेत, त्यांच्यावरून नजर सावकाश फिरू द्या. हा एक जीव होता. खांद्याने त्याचा भार वाहिला, म्हणून इथलं मांस चिवट आणि म्हणूनच चवीचंही. एवढं मनात येऊ द्या, मग धाग्यांच्या दिशेने चार-पाच सेंटिमीटर जाडीच्या लांब पट्ट्या कापा.

ग्वांगदोंग आणि हाँगकाँगच्या दुकानांत अशाच पट्ट्या आकड्यांना टांगून भट्टीत भाजतात आणि मग काचेमागे ओळीने लटकवतात. हेच चार सिऊ. हाँगकाँगची घरं लहान, ओव्हन थोड्यांकडे, त्यामुळे लोक ते विकतच आणतात. तुमच्याकडे ती भट्टी नाही. पण दुकानदाराला न मिळणारी सवड आहे, ती वापरा.

वाडग्यात एकेक जिन्नस घाला. प्रत्येकाचा वास घेतल्याशिवाय पुढचा नको. सोया सॉस, होइसिन सॉस, साखर, शाओशिंगची तांदळाची दारू, ठेचलेला लसूण, पांढरी मिरपूड. मग पाच मसाल्यांची पूड. चक्रीफूल, बडीशेप, दालचिनी, लवंग या चौघांना नाक लगेच ओळखेल. पाचवी सिचुआनची मिरी. तिच्यापाशी जरा थांबा. कोकणात, गोव्यात बांगड्याच्या कालवणात पडणारं तिरफळ तिच्याच कुळातलं आहे.

आता लाल आंबवलेलं टोफू. मोनॅस्कस नावाची बुरशी तांदळावर वाढवली की दाणे गडद लाल होतात, त्यांचाच हा रंग. बाटलीतला खायचा रंग घालू नका, असं मी आग्रहाने सांगेन. त्यात नुसती लाली असते. यात आंबूस, खारट खोलीही असते.

मसाला हाताने चोळा आणि पट्ट्या रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. मीठ हळूहळू आत उतरेल, बाकीच्या बहुतेक चवी वरच्या थरातच राहतील. तुम्हाला काहीच करायचं नाही. झोपा.

सकाळी ओव्हन 200 अंशांवर तापवा. पट्ट्या जाळीवर, खाली पाणी घातलेला ट्रे, म्हणजे ठिबकणारी चरबी धुरकटणार नाही. मध्ये एकदा पट्ट्या उलटा. माल्टोज, म्हणजे मोड आलेल्या धान्यापासून केलेला घट्ट पाक, किंचित गरम पाण्यात सैल करून ठेवा. मिळाला नाही तर मध चालेल, पण तो लवकर करपतो.

पाक शेवटीच लावायचा, मांस जवळपास शिजल्यावर. आणि आता ओव्हनसमोर बसा, उठू नका. लावलेला पाक आधी पातळ होऊन ओघळतो. मग त्यावर बारीक बुडबुडे येतात. ते फुटतात, पुन्हा येतात, सावकाश दाट होतात. पट्टीची टोकं तपकिरी होतात, कडा काळपट. इथे गोड आणि कडू यांच्यात अगदी थोडं अंतर उरलेलं असतं, आणि ते घड्याळ सांगू शकत नाही. नाक सांगतं. साखर भाजल्याचा खमंग वास जरा तिखट होऊ लागला की बाहेर काढा, पुन्हा पाक लावा, पुन्हा आत ठेवा. असं दोन-तीनदा. मन इकडेतिकडे गेलं तर दोष देऊ नका. त्या बुडबुड्यांकडे परत या. फिकट, सगळीकडे सारखं चकाकणारं चार सिऊ मला अपुरं वाटतं. काळी कड हवीच.

मधोमध 70 अंश झाले की बाहेर काढून दहा मिनिटं तसंच राहू द्या. धाग्यांना आडवे काप करा. वाफाळत्या भातावर ठेवा, बाजूला उकडलेली हिरवी पालेभाजी, वरून ट्रेमधला रस आटवून. पहिला घास कडेचा घ्या, दुसरा मधला. उरलेल्याचे बारीक तुकडे उद्या परतलेल्या भातात घाला.