तारीख जवळ आली असेल

पोरगी अर्ध्या जेवणावरून उठली, खोलीचं दार जरा जोरात लागलं, की घरातलं कुणीतरी हलक्या आवाजात म्हणतं, 'तारीख जवळ आली असेल.' पूर्वी हे आई किंवा मावशी म्हणायची. आता बाबाही म्हणतात, आणि आपल्या समजूतदारपणाचं थोडं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. कावळा शिवला, बाहेरची झाली, बाजूला बसली, अडचण आली. चार दिवसांसाठी मराठीत शब्दांची ददात नाही. त्याआधीच्या आठवड्याला मात्र आपण नावच ठेवलं नव्हतं. ते बाहेरून आलं : पीएमएस.

ते नावही फार जुनं नाही. न्यूयॉर्कचे स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट फ्रँक यांनी १९३१ साली 'पाळीपूर्व ताणा'वर लेख लिहिला. शरीरात स्त्री-संप्रेरक साठून राहतं असं त्यांचं निदान होतं, आणि त्रास फार असेल तर ते बीजांडकोशांवर क्ष-किरण सोडत. १९५३ मध्ये इंग्लंडमध्ये कॅथरिना डाल्टन आणि रेमंड ग्रीन यांनी या ताणाचं 'सिंड्रोम' केलं. डाल्टनबाईंच्या मते प्रोजेस्टेरॉन कमी पडत होतं. एकाला जास्त दिसलं, दुसरीला कमी. १९९८ साली पीटर श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वादाचा पायाच काढून घेतला. औषधाने बीजांडकोशांचं काम थांबवलं तेव्हा त्रास असलेल्या बऱ्याच बायकांना आराम पडला. मग संप्रेरकं परत दिल्यावर त्यांची लक्षणं उलटली. ज्यांना मुळात त्रास नव्हता त्यांना तीच संप्रेरकं देऊनही काही झालं नाही. म्हणजे प्रश्न रक्तातल्या मापाचा नव्हता, त्या मापाला मेंदू कसा प्रतिसाद देतो याचा होता.

मेंदू म्हटलं की डावं-उजवं आलंच. आपली भाषा याबाबतीत आधीच पक्षपाती आहे : नको त्याला डावलायचं, मुलीला उजवायचं, कूसही उजवायची. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांना वाचा गेलेल्या एका रुग्णाच्या मेंदूत डाव्या बाजूला इजा सापडली, आणि काही वर्षांत बोलणं डाव्या अर्ध्याचं ठरलं. पुढे चेहरे आणि आकार ओळखण्यात उजव्याची सरशी दिसली. ही वाटणी जन्मभराची पक्की असते असा समज होता. २००० साली जर्मनीत मार्कुस हाउसमान आणि ओनूर ग्युंट्युर्क्युन यांनी मोजक्या स्त्रियांची पाळीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर चाचणी घेतली. आकृत्या ताडून पाहण्याच्या कामात पाळीच्या दिवसांत दोन बाजूंमधला फरक ठळक होता. बीज सुटल्यानंतरच्या, प्रोजेस्टेरॉन चढलेल्या दिवसांत तो पुसट झाला. प्रोजेस्टेरॉनमुळे दोन अर्ध्यांची एकमेकांवरची पकड सैल होत असावी, असा त्यांचा तर्क. नंतरच्या सगळ्या प्रयोगांत हे तसंच दिसलं असं नाही. पण महिन्याच्या आत मेंदूची ही वाटणी हलू शकते, ही कल्पना मला फार आवडते.

आवडते म्हणूनच तिच्याबद्दल सावध राहिलं पाहिजे. हे फरक पडद्यावर क्षणभर चमकलेल्या आकृत्यांचे आहेत, निमिषांचे आहेत. त्यावरून 'त्या दिवसांत पोरी उजव्या मेंदूने वागतात' असं कुणी सांगू लागलं तर खुशाल हसावं. २०१३ साली अमेरिकेत यूटा विद्यापीठात हजाराहून अधिक मेंदूंच्या प्रतिमा तपासल्या गेल्या. डाव्या किंवा उजव्या मेंदूची म्हणावी अशी माणसं त्यांत सापडली नाहीत.

आणि पोरीच्या बाबतीत गंमत अशी, की न्हाण आल्यावरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत पुष्कळदा पाळी येते पण बीज सुटतच नाही. बीज नाही तर नंतरचं प्रोजेस्टेरॉनही नाही. पीएमएसची गोष्ट काय, डाव्या-उजव्याची काय, दोन्हींचा आधार तोच. तेव्हा तेराव्या वर्षी आपटलेल्या दाराचा हिशेब त्या खात्यावर मांडण्याआधी थांबायला हवं.

खरा त्रास असतोच. काही मुलींना दर महिन्याला ठरावीक दिवसांत जगणं नकोसं वाटतं आणि पाळी सुरू झाल्यावर मळभ सरतं. या तीव्र रूपाला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी २०१३ साली आपल्या सूचीत स्वतंत्र आजार म्हणून जागा दिली. नैराश्यावरची काही औषधं त्यावर लागू पडतात. अशा मुलीला 'सगळ्यांनाच होतं' म्हणून परत पाठवणं हा छळ आहे. मात्र निदानाची अट साधी आणि कडक आहे : निदान दोन पाळ्यांची रोजची नोंद. आठवून सांगितलेलं पुरत नाही.

का पुरत नाही, ते डायान रूबल यांच्या १९७७ सालच्या प्रिन्स्टनमधल्या प्रयोगात दिसतं. एका नव्या तंत्राने पाळीची तारीख कळते, अशी थाप विद्यार्थिनींना मारली. काहींना सांगितलं, एक-दोन दिवसांत येईल; काहींना, अजून आठवडाभर तरी नाही. प्रत्यक्षात सगळ्या साधारण सारख्याच टप्प्यावर होत्या. 'आता येईल' असं ऐकलेल्यांनी अंगावर सूज आणि दुखणं जास्त असल्याचं सांगितलं. बाबांचं ते हलक्या आवाजातलं वाक्यही तसंच तंत्र आहे. फक्त त्याला यंत्र लागत नाही.

मराठी घरात नोंदीची सोय भिंतीवरच असते. कालनिर्णयाच्या चौकोनात आईची पेन्सिलीची बारीक फुली असते, दुधाच्या हिशेबाशेजारी. पोरीची वही मात्र तिची तिलाच असावी, आणि तीत बऱ्या दिवसांचीही नोंद हवी, भांडण कशावरून झालं तेही. अशा वहीत एखाद्या गुरुवारी लिहिलेलं सापडेल : 'दादा दहा वाजता आला, कुणी काही बोललं नाही. मी सात वाजता आले तर आजीने विचारलं. दार आपटलं.' आणि पाळीची खूण त्यानंतर सतरा दिवसांनी.