न पाहिलेल्या जागेचं माप

या अवयवाला मराठीत नावच नाही, असं म्हणता येणार नाही. नावं आहेत, पण ती एक तर शिवीत सापडतात, नाहीतर शरीरशास्त्राच्या पुस्तकात. मधल्या सगळ्या बोलण्यात, म्हणजे आई-मुलीच्या, मैत्रिणींच्या, नवरा-बायकोच्या, नुसतं 'तिथं' किंवा 'खाली'. धीर करून 'योनी' म्हटलं तरी तो शब्द आतल्या मार्गाचा. डोळ्यांना दिसणारा बाहेरचा भागही आपण त्यातच कोंबतो. या बाहेरच्या भागात दोन जाड ओठ असतात आणि त्यांच्या आत दोन पातळ. पुस्तकी भाषेत लघुभगोष्ठ. हे आतले ओठ कापून लहान करणं म्हणजे लेबियाप्लास्टी.

शस्त्रक्रिया म्हटली तर छोटी. तास-दीड तासाचं काम, जागा बधिर करून किंवा भूल देऊन, विरघळणारे टाके. कुणी सर्जन बाहेरची कडच कापतो, कुणी मधला त्रिकोणी तुकडा काढून उरलेलं जोडतो, म्हणजे मूळची कड शाबूत राहते. पुढे काही आठवडे संबंध नको, सायकल नको. टाके उसवणं, रक्त साकळणं, जंतुसंसर्ग, व्रण दुखत राहणं, संवेदना बदलणं हे धोके. या पातळ पाकळ्यांत मज्जातंतूंचं दाट जाळं असतं. जाहिरातीत हे मोठ्या टायपात छापलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

बायका का जातात? काहींचं कारण सरळ असतं. पळताना, सायकलवर, घट्ट जीन्समध्ये घासतं. संबंधाच्या वेळी कातडी आत ओढली जाते. अशा बाईला 'नसती थेरं' म्हणणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती नाही. पण या तक्रारीला चिकटून, किंवा एकटीच, दुसरी तक्रार येते: माझं विचित्र दिसतं. कशाच्या तुलनेत? बाईला स्वतःचंसुद्धा आरसा धरल्याशिवाय नीट दिसत नाही, मग दुसरीचं कुठून दिसणार? माप येतं ते पडद्यावरून. सगळे केस काढण्याची रीत रुळली आणि पूर्वी झाकलेलं उघड्यावर आलं. ऑस्ट्रेलियात तर खुल्या विक्रीच्या नग्नचित्रांच्या मासिकांत वर्गीकरणाच्या नियमात बसावं म्हणून आतले ओठ संगणकावर पुसले जात, उरे फक्त एक रेघ. आपल्याकडे 2012 साली 'तिथली' त्वचा उजळ करणाऱ्या वॉशची जाहिरात टीव्हीवर आली होती: वर्तमानपत्रात तोंड खुपसलेला नवरा, रुसलेली बायको, आणि वॉश वापरल्यावर नवऱ्याला अचानक आलेलं प्रेम. गोरेपणाचा ध्यास आणखी कुठवर उतरणार, असं तेव्हा वाटलं होतं.

खरं माप काय, हे लंडनच्या डॉक्टरांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलं. 50 बायका, साधी मोजपट्टी. आतल्या ओठांची लांबी 20 ते 100 मिलिमीटर, रुंदी 7 ते 50. म्हणजे एकीपेक्षा दुसरीची रुंदी सात पट, आणि दोघीही निरोगी. पुढे स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नला 657 जणींची मापं घेतली गेली. तिथेही तोच पसारा.

इथवर आलं की वाटतं, हे आकडे दाखवले की काम झालं. मलाही तसंच वाटायचं. पण 2011 मध्ये लंडनच्याच डॉक्टरांनी ओठ लहान करून मागणाऱ्या 33 जणींची पाहणी प्रसिद्ध केली. तेहतीसच्या तेहतीस जणींचं माप सामान्य मर्यादेत होतं. दोन बाजूंत फारच तफावत होती अशा तिघींना शस्त्रक्रिया देऊ केली, बाकीच्यांना नाही म्हटलं. त्या तिसांपैकी 12 जणी दुसरीकडून करून घ्यायला तरीही उत्सुक होत्या. डॉक्टर 'नॉर्मल' म्हणतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

किती उशीर? इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत 2015-16 या एका वर्षात 18 वर्षांखालच्या 200 हून अधिक मुलींवर ही शस्त्रक्रिया झाली, त्यातल्या दीडशेहून अधिक पंधराच्याही आतल्या. आतले ओठ वाढतात ते वयात येतानाच. लहानपणी जे दिसत नव्हतं ते बाहेर डोकावू लागतं, एक बाजू दुसरीच्या पुढे जाते, रंग गडद होतो. कुणी सांगितलेलं नसेल तर मुलीला तो रोग वाटणारच. आणि आपण कापायला निघतो ते अर्धवट वाढलेलं अंग.

मुलींना कापण्याचा विषय निघाला की खतना आठवतो. बोहरा समाजातल्या या प्रथेविरुद्धची, म्हणजे लहान मुलींच्या जननांगाचा भाग कापण्याविरुद्धची, याचिका 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या पीठाकडे सोपवली. सात वर्षांच्या मुलीवरचा तो वार आणि तिशीतल्या बाईने सही करून, पैसे मोजून घेतलेला निर्णय एक नव्हेत; संमतीचा फरक मोठा आहे. चौदा वर्षांच्या मुलीच्या संमतीला मात्र मी संमती म्हणणार नाही. ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनेही 2013 मध्ये अठराच्या आत ही शस्त्रक्रिया करू नये, असंच म्हटलं.

घरात वयात येणारी मुलगी असेल तर पाळीबद्दल सांगतानाच हेही सांगून टाका, की ते वाढतात, बाहेर येतात, दोन्ही बाजू सारख्या नसतात. शब्द अडला तर 'आतले ओठ' म्हणा. तिला कळेल.