खाल्ल्या मिठाला

आळशी माणसाचा मला पहिल्यापासून तिटकारा. पहाटे पाचला उठणारा माणूस मी. शाळा सांभाळून कादंबऱ्या लिहितो, आणि या गोष्टीचा मला गर्व आहे. (होता, असे लिहावे की काय?)

काही वर्षांपूर्वी नववीत माझ्या वर्गात एक मुलगा होता. एरवी चुणचुणीत, पण त्या वर्षी तिसऱ्या तासाला त्याचे डोके बाकावर टेकलेले असे. पोरगा वाळत चालला होता, काळवंडलाही होता. घरचे म्हणत, उन्हात उनाडतो, दुसरे काय! खिशात मिठाची पुडी असे, अधूनमधून चिमूटभर जिभेवर ठेवी. एकदा ती पुडी मी पकडली आणि भर वर्गात म्हणालो, "मीठ खातोस एवढं, तर खाल्ल्या मिठाला जाग तरी!" वर्ग खो खो हसला. कोटी साधली म्हणून मी खुशीत घरी गेलो.

पावसाळ्यात साध्या तापाचे निमित्त झाले आणि पोरगा कोसळला. शहरातल्या डॉक्टरांनी त्याच्या काळ्या पडलेल्या हिरड्या आणि तळहाताच्या रेषा पाहिल्या, रक्त तपासले आणि विकाराचे नाव सांगितले : अ‍ॅडिसनचा विकार. लंडनच्या डॉ. थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ साली तो जगापुढे मांडला.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक अधिवृक्क ग्रंथी असते. वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. तिच्या सालीतून पाझरणारे कॉर्टिसॉल अंगातली उभारी राखते आणि अल्डोस्टेरॉन मीठ धरून ठेवते. क्षयाने किंवा दुसऱ्या कशाने ही ग्रंथी निकामी झाली, की मीठ लघवीवाटे वाहून जाते, रक्तदाब उतरतो, माणूस गळून जातो. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी तिला हाकांवर हाका मारते, आणि त्या हाकांनीच कातडी काळी पडते. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांना हाच विकार होता. १९४७ साली निदान झाले होते. १९६० च्या निवडणुकीत ते दडवले गेले. त्यांचा तांबूस वर्ण लोकांना आरोग्याचे लक्षण वाटे. आमच्या पोराच्या नशिबी 'उनाड' ही पदवी आली!

म्हणजे मिठाला जागत नव्हती ती ग्रंथी. जीभ बिचारी तूट भरून काढीत होती.

तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. याच रसाचा अतिरेक झाला तर चेहरा वाटोळा होतो, पोट सुटते, आणि शांत माणूस चिडखोर किंवा खिन्न होतो. मग स्वभाव म्हणून आपण ज्याला नावे ठेवतो, त्यात माणूस किती आणि ग्रंथी किती? निरोगी माणसाच्या रक्तात कॉर्टिसॉल पहाटेच आपोआप चढते म्हणे. माझ्या पाच वाजताच्या पुण्याईत त्या चार ग्रॅमांचा वाटा केवढा?

मग दोष म्हणून काही नाहीच का? तसे म्हणायला मन धजत नाही. धडधाकट पोरे गृहपाठ चुकवतात, त्यांना मी आजही रागावतो; फक्त आधी चेहरा नीट पाहून घेतो. आणि माझ्या त्या कोटीचे काय? रागाच्या भरात बोललो असतो, तर अ‍ॅड्रिनॅलिनवर ढकलता आले असते. तेही त्याच ग्रंथीच्या गाभ्यातून येते. पण मला राग आलाच नव्हता. मला वर्ग हसवायचा होता.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर मुलगा शाळेत आला. गोळ्या जन्मभर घ्यायच्या, एकदम कधी थांबवायच्या नाहीत, ताप आला तर मात्रा वाढवायची, हे सारे त्याने मला मोठ्या माणसासारखे समजावून सांगितले. त्याला व्हरांड्यात बाजूला घेऊन मी म्हणालो, "त्या दिवशी माझं चुकलं रे."

तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, "तुमचं काय चुकलं, सर? मलासुद्धा तसंच वाटत होतं. रोज रात्री देवापुढे शपथ घ्यायचो, उद्यापासून आळस करणार नाही म्हणून."